नाताळाचा फराळ कोणाच्या हातचा?

दिवाळीच्या फराळामागे बाईचे किती कष्ट असतात यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. मंडळांच्या बैठकांत, शिबिरांत, पथनाट्यांत हा विषय हमखास येतो आणि बायका ओळखीचे हसतात. नाताळाबद्दल मात्र चळवळीत फारसे कोणी बोलत नाही. याचे एक कारण साधे आहे. नाताळ म्हटले की आपल्या बहुतेक मैत्रिणींच्या डोळ्यांपुढे दुकानातला केक आणि लाल कपड्यातला सांताक्लॉज येतो. मराठी ख्रिस्ती घरात नाताळाला करंज्या, चकल्या, अनारसे होतात, हे अजूनही अनेकींना ठाऊक नसते. मागे एका कार्यकर्ता शिबिरात मी हे सांगितले, तेव्हा एक ताई चटकन म्हणाल्या, "अगं, म्हणजे तुम्हीसुद्धा तळणातच मरता की!"

दुसरे कारण जरा अवघड आहे. अल्पसंख्य समाजातल्या बाईला आपल्या घरातल्या सणावर बोट ठेवणे जड जाते. बाहेर आधीच आपल्या धर्माकडे संशयाने पाहिले जात असते. त्यात घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची, असे घरची माणसे म्हणतात आणि आपल्यालाही वाटते. म्हणून आम्ही बाहेरच्यांना केकच्या गोड आठवणी सांगतो आणि पाठदुखीबद्दल आपसांत बोलतो. मला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत, कारण त्या एकत्रच घडत होत्या.

दारावरची चांदणी आणि डब्यातल्या करंज्या

मी नगर जिल्ह्यातली, आताच्या अहिल्यानगरची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले, तेव्हापासून या भागातल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती वस्ती वाढत गेली. मिशनरी आले बाहेरून, पण चुली इथल्याच होत्या. त्यामुळे नाताळाचा पदार्थही इथलाच राहिला. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांच्या वाटेने ख्रिस्ती झालेल्या गोव्यातही तेच दिसते. आमची करंजी गोव्यात नेवरी होते आणि तिथे ती दोदोल, कुलकुल यांच्याबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली जाते. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळाच्या जेवणात जो बाटलीचा मसाला पडतो, तो आदल्या उन्हाळ्यात कुटून भरलेला असतो. पंथ वेगळे, पदार्थ वेगळे, पण पदर खोचलेली बाई सगळीकडे एकच.

माझे लहानपण १९९०च्या दशकातले. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, वडील एका पतसंस्थेत कारकून. नाताळाची शाळेला सुट्टी २५ तारखेची एकच. म्हणजे २४ला आई शाळेत पाढे घेऊन यायची आणि मग स्टोव्ह पेटवायची. खरे तर काम त्याच्या दोन आठवडे आधीच सुरू झालेले असे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, फडक्यावर सावलीत सुकवायचे, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून चार-पाच दिवस मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचे. तूप जरा कमीजास्त तापले की अनारसा हसतो, म्हणजे कढईत विरून पसरतो. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची भाजण्याची वेळ निराळी. हे सगळे आजीला तोंडपाठ होते. ती शाळेची पायरी चढली नव्हती, पण हवेत गारठा किती यावरून पीठ किती मुरवायचे हे तिला बिनचूक कळे. तिच्या या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नाही. "आमच्या आईच्या हाताला चव आहे" एवढेच म्हणत. जणू डोक्याचा त्यात काही संबंधच नव्हता.

नानकटाईसाठी मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत रांग लावायची. घरी ओव्हन नव्हता. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात केकचा डबा ठेवायचा आणि वर झाकणावर निखारे. तो केक एका बाजूला हमखास करपे, आणि ती करपलेली बाजू आईच्या वाटणीला जाई.

पुरुष काहीच करत नसत असे मी म्हणणार नाही. वडील आणि काका बांबूच्या कामट्या तासून, पतंगाचा कागद चिकटवून मोठी चांदणी करायचे. ती दारावर टांगली की अख्खी गल्ली पाहायला येई. रात्री कॅरलची टोळी निघायची, ढोलकी, टाळ, पेटी घेऊन. तीही पुरुषांची आणि मुलांची. मी बारा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याबरोबर जात होते. पुढे "आता तू मोठी झालीस" म्हणून माझे जाणे बंद झाले. मोठी झाले म्हणजे काय झाले, हे सांगायची कोणाला गरज वाटली नाही. माझ्याहून एक वर्षाने लहान असलेला भाऊ मात्र रात्री दोनपर्यंत गावभर गात हिंडे. टोळी आमच्या दारी येईल तेव्हा चहा तयार हवा, म्हणून आई आणि मी जाग्या.

पुरुषांचे काम दारावर टांगलेले असे, चार लोक त्याचे कौतुक करीत. बायांचे काम डब्यांत भरले जाई आणि नव्या वर्षाच्या आठवड्यात संपून जाई. डबा रिकामा झाला की काम झाले होते याची खूणही उरत नसे.

मार्था बसली असती तर

२५ला सकाळी उपासना. पुरुष नव्या कपड्यांत वेळेवर पुढे बसलेले. बायका मटणाला फोडणी देऊन, लेकरांना आंघोळी घालून धावतपळत येत, तोवर निम्मी उपासना झालेली असे. प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापड महिला मंडळाने धुऊन इस्त्री केलेले असायचे आणि भाकर वाटायला उभे राहायचे ते पुरुष. आता काळ थोडा बदलला आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, आणि चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली ई. पुष्पा ललिता या बिशप झाल्या. पण वेदीपर्यंत बाई पोचली म्हणून पुरुष चुलीपर्यंत पोचला, असे काही मला दिसलेले नाही.

शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतो. मार्था स्वयंपाकाच्या धांदलीत असते, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते. मार्था तक्रार करते, तेव्हा मरियेने चांगला वाटा निवडला आहे, असे येशू सांगतो. बाईला शिकायचा हक्क आहे, असा या गोष्टीचा अर्थ आपण लावू शकतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पण आमच्या मंडळीत या गोष्टीवर प्रवचन झाले की बायांना काय ऐकायला मिळे? मार्थेसारखी कुरकुर करू नका! आजी एकदा घरी येऊन म्हणाली, "मरिया बसली, चांगलं झालं. मार्थाही बसली असती तर जेवाय कोणी वाढलं असतं? पाळकसाहेबांनी?" स्त्रीमुक्तीचे एकही पुस्तक न वाचता तिने नेमका प्रश्न विचारला होता. दोघी बहिणींनी बसावे आणि उठायचे कोणी, हे पाहुण्यांनी मिळून ठरवावे!

थाळी

मग हे सगळे फेकून द्यावे का? तसे मला वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगते.

आमच्याकडे करंज्या एकटीने होत नसत. चार-पाच घरच्या बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जमत, आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. एक लाटायला, एक सारण भरायला, एक कातणीने कापायला, एक तळायला. हात चालत आणि तोंडेही. एका वर्षी आमच्या वस्तीतली एक नवी सून करंज्या लाटताना बाह्या खाली ओढून बसली होती. पीठ लागेल म्हणून सगळ्या तिला बाह्या वर कर म्हणत होत्या, ती ऐकेना. शेवटी आजीने तिचा हात धरला. मनगटाच्या वर चटक्यांचे डाग होते.

मंडळीच्या कमिटीकडे गोष्ट गेली. कमिटीने सांगितले, "सण होऊ द्या, मग पाहू." बायकांनी सण होऊ दिला नाही, म्हणजे थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फराळाच्या थाळ्या घेऊन आठ जणी त्या घरी गेल्या. सणाची थाळी घेऊन आलेल्या बायांना दारातून परत कोण लावणार? त्या आत गेल्या, चुलीपाशी बसल्या, सासूसमोर सगळे बोलल्या आणि सुनेला तिच्या माहेरच्या माणसांच्या हवाली करूनच उठल्या. पुढे मी एम.एस.डब्ल्यू. करताना 'हस्तक्षेप' हा शब्द शिकले. तो कसा करतात हे मला आधीच माहीत होते.

थाळी घराबाहेरही जाई. दिवाळीला शेजारचा फराळ आमच्याकडे, ईदला शिरखुर्मा, नाताळाला आमची थाळी सगळ्यांकडे. आई दोन प्रकारच्या थाळ्या भरायची. ज्या घरी अंडे चालत नाही तिथे केक नाही, फक्त नानकटाई, करंज्या, चिवडा. कोणी काही विचारण्याआधीच ती दारात सांगे, "नवीन तेलात तळलंय हो वहिनी." बहुतेक घरांतून थाळी रिकामी येत नसे, तिच्यात साखर तरी असेच. एक घर मात्र असे होते, की तिथे आमची थाळी ओसरीवरच कागदावर रिकामी करून घेत. त्यांच्या घरातले भांडे आमच्या फराळाला लागत नसे. धर्म बदलला तरी जात काही आमचा पिच्छा सोडत नव्हती. आई तरीही दर वर्षी तिथे थाळी पाठवी. मी चिडून का म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "त्यांची पोरगी माझ्या वर्गात आहे. ती बघतेय ना."

अन्नाचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळ्याओवळ्याशी, दुसऱ्याच्या हातच्या पाण्याशी जो झगडा केला, तो 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी आडपडदा न ठेवता मांडला आहे. त्यांना जात सोडावी लागली ती पाण्याच्या भांड्यापाशी आणि स्वयंपाकघरात. धर्मांतरावर पुरुषांनी ग्रंथ लिहिले, वाद घातले. कोणी कोणाच्या हातचे खायचे, हा रोजचा कठीण प्रश्न बायांनी चुलीपाशी सोडवला. म्हणून थाळी भरून शेजारी पाठवणे हे मी नुसते घरकाम मानत नाही. ते सामाजिक काम आहे. आज शेजारधर्म इतका पातळ होत चालला असताना तर त्याची किंमत जास्तच आहे. अडचण एवढीच, की हे काम समाजाचे असूनही ते एकट्या बाईच्या अंगावर टाकलेले आहे.

कोपीतला नाताळ

कामाच्या निमित्ताने मी ऊसतोड कामगारांच्या तळांवर जाते. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे, त्यामुळे त्यांचा नाताळ कोपीतच. एका तळावर पाचटाच्या कोपीवर चमकीच्या कागदाची चांदणी पाहिली. आत त्या बाईने मूठभर रव्याचे लाडू वळून ठेवले होते. पहाटे अंधारात भाकरी थापून ती फडावर गेली होती, दिवसभर मोळ्या वाहिल्या होत्या, आणि रात्री गाडी भरून आल्यावर तिने रवा भाजला होता. मी विचारले, "उद्या सुट्टी का?" ती हसली. "खाडा कोण भरणार, ताई?"

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडप्याची. नवराबायको मिळून 'एक कोयता'. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. फेडायची मात्र दोघांच्या श्रमाने. कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. मग आजारपण असो, पाळी असो की नाताळ. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला आणि शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्याच्याही मुळाशी ही कामाची आणि खाड्याची पद्धत होती. ज्या बाईला दुखणे काढायला एक दिवस मिळत नाही, तिला सणाला कुठून मिळणार? पण लाडू तिनेच वळायचे, कारण "लेकरांना सण कळला पाहिजे."

"ती आवडीने करते"

सणाच्या कष्टांबद्दल बोलले की दोन उत्तरे ठरलेली. पहिले, "ती आवडीने करते." करते, खरे आहे. माझ्या आईला करंजीची मुरड घालताना होणारा आनंद मी पाहिला आहे. पण आवड आहे म्हणून विश्रांती नको, असे आपण पुरुषाच्या कुठल्या कामाबद्दल म्हणतो? आणि ज्या बाईला 'नाही' म्हणायची सोय नाही, तिची आवड किती आणि धाक किती, हे कसे मोजायचे? वेळ मात्र मोजता येतो. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात गेलेली दिसली, तर पुरुषांची ८८. म्हणजे जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांच्यातही एवढे अंतर. हा रोजचा हिशेब झाला. सणाच्या पंधरवड्यातले बाईचे तास आपल्यापैकी कोणी कधी लिहून काढले आहेत का?

दुसरे उत्तर, "आता सगळे विकत मिळते." मिळते. नोकरी करणाऱ्या बाईने विकत आणले म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. पण विकतचा फराळ आकाशातून पडत नाही. तो कोणत्या तरी गृहउद्योगात, बचत गटात, भट्टीसमोर बसलेली दुसरी बाई किलोच्या भावाने करत असते. तिला किलोमागे काय मिळते हे आपण विचारतो का? बचत गटाच्या चकल्या घेताना घासाघीस करणाऱ्या आपल्याच मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. घरातले कष्ट एका बाईच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर गेले आणि पुरुष होता तिथेच राहिला, तर त्याला मुक्ती म्हणता येणार नाही.

तर मग काय?

माझे म्हणणे एवढेच, की सण ठेवायचा असेल तर त्याचे श्रमही सगळ्यांचे असले पाहिजेत. काही गोष्टी लगेच करता येतील.

एक, सण सुरू होण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून कामांची यादी करावी. यादीत आठवण ठेवण्याचे कामही लिहावे. तांदूळ कधी भिजवायचे, रॉकेल-गॅस आहे का, कोणाकडे थाळी जायची, हे डोक्यात वागवणे हेच खरे ओझे आहे. "सांग, मी मदत करतो" म्हणणारा पुरुष ते ओझे उचलत नसतो. एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याने पार पाडावा. अनारसा हसला तर हसू द्या. आपलाही पहिल्यांदा हसलाच होता!

दोन, पंगतीत बाईने शेवटी बसायचे, ही रीत मोडावी. वाढायला आळीपाळीने उठावे आणि पहिल्या पंगतीत तळणाऱ्या बायांना बसवावे.

तीन, मंडळीत, देवळात, मशिदीत, विहारात सणाचा खर्च आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत बायका हव्यात. चहा-फराळाचे काम देण्यासाठी म्हणून त्यांना घेऊ नये. निर्णयाला हवे. कॅरलच्या टोळीत मुली हव्यात. रात्र सुरक्षित नसेल तर टोळीने ती सुरक्षित करावी, मुलींना घरी बसवून ती होणार नाही.

चार, ऊसतोडीसारख्या कामांत सणाची आणि पाळीची पगारी सुट्टी, ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत हवी. सणांची चर्चा ओट्यापाशीच थांबली, तर कोपीतली बाई त्यातून सुटून जाईल.

पाच, आपल्या आज्यांना जे येते ते त्यांच्या नावानिशी लिहून ठेवावे. पाककृतीच्या पुस्तकातल्या 'पारंपरिक' या शब्दाखाली हजारो बायांची नावे गाडलेली आहेत.

मैत्रिणींनो, मी नाताळाबद्दल लिहिले, कारण तो माझ्या घरचा सण. तुमच्याकडे ईद असेल, दिवाळी असेल, भीमजयंती असेल. त्या दिवशी पहिली कोण उठते आणि शेवटची कोण जेवते, एवढे या वर्षी बघून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सांगा. बोलायला सुरुवात तिथूनच करू या.